नर्सिंग होम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचंय? अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची मिरजेकडची, शिक्षणाने फिजिओथेरपिस्ट. कॅलिफोर्नियात नऊ वर्षं नर्सिंग होमच्या रिहॅब विभागात रुग्णांना उभं करायचं, चालवायचं काम केलं आणि मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं लायसन्स काढलं. मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवात कुणी ना कुणी बाजूला घेऊन विचारतं, "हे कसं केलंस गं? मला जमेल का?" विचारणाऱ्यांत फिजिओ असतात, नर्सेस असतात, इथे येऊन प्रॅक्टिस सुटलेले डॉक्टर असतात. उभ्या उभ्या सांगितलेलं अर्धवटच राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिलंय. केंद्राचे नियम साऱ्या अमेरिकेला सारखे आहेत. राज्याचे म्हणून जे सांगितलेत ते कॅलिफोर्नियाचे. तुम्ही दुसऱ्या राज्यात असाल तर तिथल्या लायसन्स बोर्डाची माहिती आधी वाचा.

नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटलच ना?

नाही, आणि हा घोळ आधीच मिटवलेला बरा. महाराष्ट्रात नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टर नवरा-बायकोचं दहा-पंधरा खाटांचं, बाळंतपणाचं नाहीतर हाडांचं रुग्णालय डोळ्यांसमोर येतं. खाजगी रुग्णालयांची नोंदणी ज्या १९४९ च्या कायद्याखाली होते, त्याच्या नावातही हाच शब्द आहे.

अमेरिकेतलं नर्सिंग होम वेगळं. तिथे दोन तऱ्हेची माणसं असतात. एक, खुब्याचं हाड मोडून किंवा पक्षाघात होऊन हॉस्पिटलमधून आलेली, काही आठवडे व्यायाम आणि शुश्रूषा घेऊन घरी जाणारी. दुसरी, स्मृतिभ्रंशामुळे किंवा अंथरुणाला खिळल्यामुळे कायमची राहायला आलेली. या दुसऱ्यांसाठी ते घरच असतं, म्हणून त्यांना पेशंट न म्हणता रहिवासी म्हणायची पद्धत आहे. डॉक्टर रोज येत नाहीत. नियमाने पहिले ९० दिवस दर ३० दिवसांतून एकदा आणि पुढे ६० दिवसांतून एकदा त्यांची भेट पुरते. रोजचा सगळा भार नर्स आणि नर्सिंग असिस्टंट, म्हणजे सीएनए, यांच्यावर असतो. सगळं मिळून चालतंय ना, हे बघायची जबाबदारी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमकं काय करतो? मॅनेजरच ना?

कामाचा बराच भाग मॅनेजरचाच आहे. माणसं नेमणं, बजेट सांभाळणं, किती बेड भरलेत ते रोज सकाळी बघणं, विभागप्रमुखांची उभ्याउभ्या बैठक घेणं, कुटुंबीयांच्या तक्रारी ऐकणं. फरक आहे तो कायद्याने तुमच्या नावावर येणाऱ्या जबाबदारीचा. केंद्राच्या नियमानुसार प्रत्येक नर्सिंग होमच्या नियामक मंडळाने राज्याचं लायसन्स असलेला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नेमलाच पाहिजे, आणि संस्थेच्या कारभाराला तो मंडळाकडे उत्तरदायी असतो. स्वयंपाकघरातला फ्रीज रात्री बंद पडला, कुणी आजोबा दारातून बाहेर निघून गेले, कुणी कुणाला मारल्याचा आरोप झाला, तर पहिला फोन तुम्हाला. मारहाण किंवा छळाचा आरोप असेल तर राज्याला कळवायला दोनच तास मिळतात, आणि चौकशीचा निष्कर्ष कामाच्या पाच दिवसांत द्यावा लागतो. पहाटे तीनला फोन आला तरी घड्याळ तेव्हापासूनच सुरू.

यासाठी लायसन्स कधीपासून आणि कशाला लागायला लागलं?

१९६५ मध्ये मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आणि मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा, आले. सरकारी पैसा सुरू होताच नर्सिंग होम भराभर निघाली, पण ती चालवणाऱ्याला काय यावं याला काही धरबंध नव्हता. १९६७ मध्ये सोशल सिक्युरिटीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९७० पासून राज्यांनी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरना लायसन्स देण्याची व्यवस्था करावी असं ठरलं. अटी काय ठेवायच्या ते राज्यांवर सोडलं. आजही एका राज्याचे तास दुसऱ्याशी जुळत नाहीत, त्याचं मूळ इथे आहे.

त्यानंतरचा मोठा टप्पा १९८७ चा. आदल्याच वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने नर्सिंग होममधल्या काळजीच्या दर्जावर कडक अहवाल दिला होता. त्यातून आलेल्या १९८७ च्या कायद्याने रहिवाशांचे हक्क लिहून दिले: बांधून न ठेवलं जाण्याचा, स्वतःच्या उपचारात बोलण्याचा, तक्रार केल्याबद्दल त्रास न होण्याचा. प्रत्येक रहिवाशाला शरीराने, मनाने आणि माणसांतल्या वावराने जितकं उत्तम जगता येईल तितकं जगता यावं, अशी जबाबदारी संस्थेवर टाकली. बाकीचे सारे नियम या एका अपेक्षेच्या पोटातून निघालेले आहेत. अभ्यासाला बसाल तेव्हा ती आधी नीट समजून घ्या, म्हणजे उरलेली शेकडो पानं पाठ करायची वेळ येत नाही.

पात्रता काय लागते? माझी भारतातली पदवी चालेल का?

बहुतेक राज्यांत चार गोष्टी लागतात: पदवी, एआयटी म्हणजे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर-इन-ट्रेनिंगचे ठरलेले तास, राष्ट्रीय परीक्षा, आणि बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी. काही राज्यं यांत वर्गातला अभ्यासक्रमही घालतात. पेनसिल्व्हेनियात तो १२० तासांचा आहे. कॅलिफोर्नियात नेहमीचा मार्ग म्हणजे पदवी आणि १,००० तासांचं एआयटी. नर्सिंग होममध्ये बरीच वर्षं विभागप्रमुख म्हणून काढलेल्यांसाठी आणि आरोग्य व्यवस्थापनात मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे मार्गही आहेत.

भारतातली पदवी चालते, पण आधी तिचं मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं. साडेचार वर्षांची बीपीटी, चार वर्षांची बीएससी नर्सिंग, बीएचएमएस, बीएएमएस यांना सहसा अडचण येत नाही. तीन वर्षांचं बीए किंवा बीकॉम मात्र काही मूल्यमापनांत पूर्ण पदवी धरलं जात नाही. विद्यापीठातून ट्रान्सस्क्रिप्ट मागवायला वेळ लागतो, कोल्हापूर असो की नागपूर. भारतात जाल तेव्हा मोहोरबंद लिफाफ्यांत दोन-तीन जादा प्रती करून ठेवा. माझी फाइल केवळ एका शिक्क्यापायी काही महिने अडली होती.

मी भारतात डॉक्टर होते. मला हे सोपं जाईल ना?

काही भाग नक्की सोपा जाईल. जखम पाहून ती कुठल्या टप्प्याची आहे, औषधाचा परिणाम काय झाला, हे तुम्हाला चटकन कळेल. पण या पदावर तुम्ही उपचार करत नाही. इथे नर्सिंगची प्रमुख, म्हणजे डीओएन, आणि मेडिकल डायरेक्टर उपचारांचं बघतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने त्यांच्या निर्णयात हात घालायचा नसतो. त्यांना माणसं, साहित्य आणि वेळ मिळेल एवढं मात्र पाहायचं असतं. आपल्याकडे डॉक्टरचा शब्द वॉर्डात शेवटचा असतो, ती सवय सोडायला मला माहीत असलेल्या दोन-तीन जणींना परीक्षेपेक्षा जड गेलं. सीएनए जे बघते ते डॉक्टरलाही दिसत नाही, कारण रहिवाशाला आंघोळ ती घालते.

मी एच-४ वर आहे. बिनपगारी एआयटी करू शकते का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यात चूक महागात पडते. एच-४ म्हणजे एच-१बी वर नोकरीला आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा. त्यावर काम करायचं तर वर्क परमिट लागतं, आणि ते २०१५ पासून काही ठरावीक परिस्थितीत, मुख्यतः जोडीदाराच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० हा अर्ज मंजूर असेल तर, मिळतं. पगार घेत नाही म्हणजे ते काम धरलं जाणार नाही, असं समजू नका. एआयटीमध्ये तुम्ही संस्थेच्या उपयोगी पडणारं काम करत असता. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एक तासही भरू नका. ओळखीतल्या कुणी "काही होत नाही" म्हणून सांगितलं असेल, तरी वकिलाकडे जाच.

एआयटीमध्ये शिकवतात तरी काय?

लायसन्स असलेल्या अनुभवी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या, म्हणजे प्रिसेप्टरच्या, हाताखाली तुम्ही एकेका विभागात काही आठवडे काढता. नर्सिंग, स्वयंपाकघर, लाँड्री, साफसफाई, इमारतीची देखभाल, अ‍ॅक्टिव्हिटीज, सोशल सर्व्हिस, रिहॅब, बिलिंग, एचआर, मेडिकल रेकॉर्ड्स, अ‍ॅडमिशन. कागदावर ही यादी कंटाळवाणी वाटते. तिचं मोल मला स्वयंपाकघरात कळलं.

मी तेव्हा ताटं परत येतात त्या जागी उभी होते. उरलेलं अन्न खरवडून टाकायचं, ट्रे धुवायला सरकवायचे. एका ट्रेवर टिश्यूची गुंडाळी होती. कचऱ्यात टाकताना हाताला कडक लागली. उघडली तर खालच्या दातांची कवळी. खाऊन झाल्यावर आजोबांनी सवयीने काढून पुसून टिश्यूत ठेवली होती. ती परत नेऊन दिली, आणि मग डोक्यात आलं की आदल्याच आठवड्यात मी मेडिकल रेकॉर्ड्समध्ये बसून एका आजींचा वजनाचा तक्ता पाहिला होता. महिन्याभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं होतं. तीस दिवसांत पाच टक्के ही धोक्याची रेघ धरतात. आहारतज्ज्ञाने दुधाची पेयं वाढवली होती, नर्सने 'भूक मंद' लिहिलं होतं, डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. मी वर जाऊन आजींना विचारलं, "दात कुठेत?" त्यांनी हात हलवला. कवळी जाऊन तीन आठवडे झाले होते. सीएनएला माहीत होतं, तिने शिफ्ट संपताना तोंडी सांगितलं होतं, पुढच्या शिफ्टला वाटलं घरचे घेऊन गेले. कवळी हरवली तर तीन दिवसांच्या आत दंतवैद्याकडे पाठवायचं असा केंद्राचा नियम आहे. तो त्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होता.

त्या दिवसापासून तिथे प्रत्येक टिश्यू उघडून पाहिल्याशिवाय ट्रे रिकामा करायचा नाही असं ठरलं, आणि प्रत्येक कवळीवर नाव कोरून घेतलं. आजींना नवी कवळी मिळायला बरेच दिवस गेले. तोवर त्यांना मऊ भात, अंडं, शिजवून कुस्करलेल्या भाज्या दिल्या. वजन थांबलं, मग हळूहळू चढलं.

म्हणून सांगते, एआयटीचे तास भरताना नर्सिंगइतकीच मेहनत लाँड्रीत आणि स्वयंपाकघरात घ्या. एका विभागातल्या दुखण्याचं कारण बऱ्याचदा दुसऱ्याच विभागाच्या हातात असतं, आणि ते दोन्ही टोकांनी पाहू शकणारं माणूस इमारतीत एकच असतं.

आणखी एक. रात्रपाळी चुकवू नका. नियमाने सक्तीची नसली तरी किमान पाच-सहा रात्री काढा. संध्याकाळी चारनंतर स्मृतिभ्रंशाच्या रहिवाशांची घालमेल वाढते, कुणी घरी जायला निघतं, कुणी मेलेल्या आईला हाका मारतं. दिवसा ऑफिसात बसून कर्मचाऱ्यांचं वेळापत्रक आखणाऱ्याने हे पाहिलेलं असावं.

प्रिसेप्टर कसा शोधायचा?

राज्याकडे मान्य प्रिसेप्टरांची यादी असते, पण यादीतून फोन लावून फारसं काही हाती लागत नाही. तुम्ही आधीच नर्सिंग होममध्ये काम करत असाल तर आपल्याच अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला विचारा. नसाल तर दोन-तीन संस्थांत जाऊन अ‍ॅक्टिव्हिटीज विभागात स्वयंसेवक म्हणून ओळख करून घ्या, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांच्या राज्य संघटनेच्या सभांना जा.

सुरुवातीलाच आठवड्यांचं वेळापत्रक लेखी ठरवा. माझ्या पहिल्या प्रिसेप्टरने मला दोन महिने फक्त अ‍ॅडमिशनच्या फोनवर बसवलं, कारण तिथलं माणूस सोडून गेलं होतं. तास भरत होते, शिकत काहीच नव्हते. शेवटी नम्रपणे सांगून जागा बदलली. वाईट वाटलं, पण ते आधीच करायला हवं होतं. चांगल्या प्रिसेप्टरची खूण सांगते: तो तुम्हाला त्याच्या अवघड बैठकींत बसवतो. कुणाला नोकरीवरून काढायचं असतं, एखाद्या मुलीला आईच्या पडण्याबद्दल सांगायचं असतं, तेव्हा तुम्ही त्या खोलीत असायला हवं.

परीक्षा कशी असते?

राष्ट्रीय परीक्षा नॅब या राज्य बोर्डांच्या संघटनेची आहे. तिचे दोन भाग. पहिला 'कोअर', वृद्धसेवेतल्या सगळ्या प्रकारच्या प्रशासकांना समान. दुसरा खास नर्सिंग होमचा. प्रश्न बहुपर्यायी, संगणकावर. विषय चार गटांत येतात: काळजी आणि सेवा, कारभार, इमारत आणि गुणवत्ता, नेतृत्व आणि नियोजन. काही राज्यं वर स्वतःची परीक्षा घेतात. कॅलिफोर्निया त्यांपैकी एक.

आपली माणसं काळजीच्या भागात पास होतात आणि कामगार कायदे, हिशेब, आगीचे नियम इथे अडकतात. कामावर मृत्यू झाला तर ओशाला, म्हणजे कामाच्या जागची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय खात्याला, ८ तासांत कळवायचं, कर्मचारी हॉस्पिटलात दाखल झाला तर २४ तासांत. कौटुंबिक रजेचा कायदा ५० कर्मचाऱ्यांपासून लागू. आगीची कवायत प्रत्येक शिफ्टला दर तिमाहीत एकदा, म्हणजे तीन शिफ्टच्या इमारतीत वर्षाला बारा. संध्याकाळच्या जेवणापासून सकाळच्या न्याहारीपर्यंत १४ तासांहून जास्त अंतर नको. हे सगळं तर्काने येत नाही, वाचावंच लागतं. पण इमारतीत फिरताना जे डोळ्यांनी पाहिलं ते विसरत नाही. मी बारा कवायतींपैकी चार स्वतः घेतल्या, त्यावरचा प्रश्न चुकणं शक्यच नव्हतं.

पुस्तकांत पैसे घालण्याआधी केंद्राच्या तपासनीसांसाठी असलेली मार्गदर्शिका, 'अपेंडिक्स पीपी', मोफत मिळते ती वाचा. मोठी आहे. रोज एक नियम घ्या आणि आपल्या इमारतीत तो कुठे दिसतो ते शोधा. मला तरी एवढा उपयोग कुठल्याच क्लासचा झाला नाही.

सर्व्हे सर्व्हे म्हणतात, त्याला सगळे घाबरतात. तो काय असतो?

राज्याची तपासणी. दोन तपासण्यांत १५ महिन्यांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही असा नियम आहे. तारीख सांगत नाहीत. सकाळी लिफ्टचं दार उघडतं आणि ओळखपत्र घातलेली तीन-चार माणसं समोर असतात. ते रहिवाशांशी बोलतात, औषधं देताना मागे उभे राहतात, स्वयंपाकघरात थर्मामीटर घेऊन फिरतात, जेवणाच्या हॉलमध्ये कुणाला भरवायला किती वेळ लागतोय ते बघतात.

चूक सापडली की तिला 'एफ' अक्षराचा टॅग नंबर मिळतो. अपघात टाळण्यातला हलगर्जीपणा एफ ६८९, अंथरुणातल्या जखमा एफ ६८६, संसर्ग नियंत्रण एफ ८८०. मग तिचं गांभीर्य आणि व्याप्ती पाहून ए ते एल यांतलं अक्षर. जे, के आणि एल म्हणजे जिवाला तात्काळ धोका. असं अक्षर आलं की बाकी सगळं सोडून तो धोका आधी दूर करायचा. बाकी टॅगांसाठी अहवाल हातात आल्यावर दहा दिवसांत सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो.

माझ्या पहिल्या सर्व्हेत मला जो टॅग मिळाला तो सांगते, कारण चूक माझी होती. कॅलिफोर्नियात रहिवाशांच्या नळाचं गरम पाणी १०५ ते १२० अंश फॅरनहाइट लागतं. देखभालवाला रोज वहीत आकडा लिहीत होता. मी दर आठवड्याला वही पाहून सही करत होते. तपासनीस बाईंनी वही उघडली, बोट खाली नेत गेल्या. ११२, ११२, ११२, महिनाभर. त्यांनी स्वतःचं थर्मामीटर काढून एका खोलीतल्या नळाखाली धरलं. १२४. त्या खोलीत मधुमेहाने पायाची जाणीव गेलेले आजोबा राहत होते. त्यांना काही झालं नव्हतं, हे माझं नशीब. तेव्हापासून मी कुठल्याही वहीवर सही करण्याआधी त्यातली एक नोंद स्वतः जाऊन तपासते.

नर्सिंग होमला पैसे येतात कुठून?

मेडिकेअर फक्त हॉस्पिटलनंतरच्या थोड्या काळासाठी, जास्तीत जास्त १०० दिवस. पारंपरिक मेडिकेअरमध्ये आधी तीन दिवस हॉस्पिटलात दाखल असावं लागतं. पहिले २० दिवस पूर्ण, पुढे रोजचा वाटा रहिवाशाने द्यायचा. कायमच्या राहणाऱ्यांचा खर्च बहुतेक मेडिकेड उचलतं, कॅलिफोर्नियात त्याला मेडी-कॅल म्हणतात, आणि त्याचा दर कमी असतो. बाकीचे स्वतःच्या खिशातून भरतात.

फिजिओ मंडळींसाठी मुद्दाम सांगते. १ ऑक्टोबर २०१९ आधी मेडिकेअरचा दर थेरपीच्या मिनिटांवर ठरायचा. आठवड्याला ७२० मिनिटं झाली की सगळ्यात वरचा गट. थकलेल्या आजींना आणखी दहा मिनिटं सायकलवर बसवा, असे निरोप यायचे. माझ्याने ते सहन होत नसे, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर व्हायचं खूळ माझ्या डोक्यात तिथूनच शिरलं. आता दर रहिवाशाच्या आजाराच्या नोंदींवरून ठरतो. आता उलटा धोका आहे, थेरपी कमी करायचा. पैशाची रीत कशी आहे आणि ती काळजीला कुठे ढकलते, हे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला कळलंच पाहिजे, नाहीतर तो नकळत तिकडेच वाहत जातो.

माणसं मिळत नाहीत म्हणतात, खरं आहे का?

खरं आहे, आणि या कामातलं सगळ्यात मोठं ओझं तेच. कॅलिफोर्नियात दर रहिवाशामागे दिवसाला किमान ३.५ तास थेट शुश्रूषा लागते, त्यात २.४ तास सीएनएचे. केंद्राने २०२४ मध्ये देशभर ३.४८ तासांचा नियम आणला होता, तो २०२५ मध्ये टेक्सासमधल्या केंद्रीय न्यायालयाने रद्द ठरवला. त्यावर बाजू दोन्हीकडून मांडल्या जातात. मी एवढंच म्हणेन की एका सीएनएकडे सकाळी बारा जण आले तर कुणाला तरी ओल्या कपड्यांत थांबावं लागतं, आणि ते मी पाहिलंय.

टिकवायचं असेल तर पगाराइतकंच वेळापत्रक महत्त्वाचं. मुलाच्या शाळेची वेळ सांभाळून दिलेली शिफ्ट, तोच मजला, तेच रहिवासी. आमच्याकडे फिलिपिनो, मेक्सिकन, इथिओपियन, पंजाबी बायका काम करतात. प्रत्येकीच्या सणाची तारीख माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरात आहे.

माझं इंग्रजी, उच्चार चालेल का?

चालेल. रहिवाशांपैकी निम्म्यांना ऐकू कमी येतं, तिथे अमेरिकन उच्चारही चालत नाहीत. समोर बसा, डोळ्यांना डोळे लागतील इतकं खाली या, एका वेळी एकच वाक्य बोला, उत्तराला वेळ द्या. लेखी इंग्रजी मात्र सुधारा. सुधारणेचा आराखडा आणि कुटुंबाला पाठवायचं पत्र, दोन्हींतला प्रत्येक शब्द पुढे वाचला जातो.

पगार किती? आणि घराकडे बघायला वेळ मिळतो का?

अमेरिकन कामगार खात्याच्या आकडेवारीत आरोग्यसेवा व्यवस्थापकांचा मधला पगार मे २०२४ मध्ये वर्षाला १,१७,९६० डॉलर होता. त्यात हॉस्पिटलवालेही आले. शहर, बेडची संख्या आणि संस्था कशी आहे यावर बरंच अवलंबून. वेळेचं खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं फोन उशाशी असतो. लहान मुलं असतील तर घरात आधी बोलून घ्या. माझ्या सासूबाई इथे येऊन राहिल्या म्हणून मला एआयटी जमलं.

याऐवजी असिस्टेड लिव्हिंग किंवा सहा बेडचं घर चालवलं तर?

असिस्टेड लिव्हिंग म्हणजे रोजच्या कामांत मदत लागणाऱ्या वृद्धांचं निवासस्थान. ते वेगळं लायसन्स. कॅलिफोर्नियात त्याचा ८० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा आहे, खातंही वेगळं, समाजसेवा विभागाचं. प्रवेश सोपा आहे. पण सहा बेडच्या घरात रात्री मदतनीस आली नाही तर तुम्हालाच झोपायला जावं लागतं, हे मनात धरून ठरवा.

राज्य बदललं तर लायसन्स चालतं का?

आपोआप नाही. नव्या राज्यात अर्ज करावा लागतो. राष्ट्रीय परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही, पण तास किंवा राज्याची परीक्षा राहिलेली असू शकते. नॅबची 'हेल्थ सर्व्हिसेस एक्झिक्युटिव्ह' ही वरची पात्रता घेतली तर बऱ्याच राज्यांत काम सोपं होतं. नूतनीकरणाला ठरलेले शिक्षणतास लागतात, कॅलिफोर्नियात दोन वर्षांना ४०.

भारतात परतलो तर याचा उपयोग?

तिथे असं लायसन्स मागितलं जात नाही. पुण्यात, नाशकात, गोव्यात वृद्धांसाठी निवास आणि शुश्रूषाकेंद्रं वाढतायत, त्यांना कवळीवरच्या नावापासून आगीच्या कवायतीपर्यंत सगळं उपयोगी पडेल. कागदाला किंमत नाही, हाताला आहे.

"आईवडिलांना परक्यांत ठेवणाऱ्यांचं काम तू का करतेस?" असं घरचे विचारतात. काय सांगावं?

मलाही विचारलं गेलं, माझ्या आत्याने. मी तिला आमच्याकडच्या एका मुलीबद्दल सांगितलं. तिने वडिलांना चार वर्षं घरी सांभाळलं. रात्री ते चूल पेटवायचे, दार उघडून रस्त्यावर जायचे. तिची नोकरी गेली, पाठ गेली. ज्या दिवशी तिने त्यांना आमच्याकडे आणलं, त्या दिवशी ती गाडीत तासभर बसून होती. मी पार्किंगमध्ये जाऊन तिच्या शेजारी बसले. आता ती रोज संध्याकाळी येते, वडिलांना स्वतः जेवू घालते, आणि रात्री झोपते. आत्या ऐकून गप्प झाली, मग म्हणाली, "त्यांना भात आवडतो का विचारलंस का?" मी विचारलं होतं. त्यांना बटाट्याचं सूप आवडतं.

अर्ज करण्याआधी एकच गोष्ट करायची तर कोणती?

जवळच्या नर्सिंग होममध्ये रविवारी संध्याकाळी साडेपाचला जा. तेव्हा ऑफिसं बंद असतात, कर्मचारी कमी, जेवणाची वेळ. नाव लिहा, तासभर बसा. रहिवाशाने मदतीचं बटण दाबून दारावरचा दिवा लागल्यावर किती वेळात कुणी येतं ते बघा, वास कसा आहे ते बघा, भरवणारी बाई खुर्ची घेऊन बसलीय की उभ्याने भरवतेय ते बघा. निघताना मागच्या सर्व्हेचा अहवाल वाचा. तो कुणालाही सहज बघता येईल असा ठेवायचा नियम आहे. बहुतेक ठिकाणी प्रवेशदाराजवळच फाइल लटकवलेली असते, मागावीही लागत नाही.